गेटवरचं घड्याळ आणि आपला फ्लेक्स

हैदराबाद,
२९ जानेवारी

तीर्थरूप सुंदरमामा यांस,

भाचा तानाजी याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी हिकडं खुशाल हाय. तुमचा खोकला कसा हाय? वारं परळीकडून सुटलं की खिडक्या लावून घेत जा, थर्मलची राख काय तुमी रिटायर मास्तर म्हणून वळसा घालून जाणार न्हाई. ताराबाई मामींच्या गुडघ्याला तेल लावणं चालू असंल. आईला नमस्कार सांगा (नोकरीचं मात्र काई बोलू नका, ते खाली येतंय). फोन सोडून पत्र कावून, तर फोनवर तुमी नुसतं हं हं करता आन पत्र लाल पेन घेऊन वाचता. या बारीला आधी पूर्ण वाचा, मग पेन उघडा.

तर मामा, नववीतून पळालेला आन सहा वर्षांत पाच कामं सोडलेला तुमचा भाचा आज तेरा महिने झाले एकाच जागी टिकून हाय. जागा बी कोणती, तर शाळेचं मेन गेट. निळा ड्रेस, शिट्टी, आन आत बाराशे लेकरं. जो माणूस शाळेची भिंत चढून पळायचा त्याच्याच हातात शाळेच्या कुलुपाची किल्ली, ह्याला मी तरी प्रगतीच म्हणतो. मोठ्या मोठ्या गाड्या माझ्या एका हातावर थांबतात. सुरुवातीला माझाच माझ्या हातावर विश्वास बसत नव्हता.

डिसेंबरात प्रिन्सिपल साहेबांनी गेटवर ऑर्डर चिकटवली. आठ दहाला गेट बंद, लेकरू असो का मास्तर, आन टाइम गेटवरच्या घड्याळाचाच धरायचा. ते घड्याळ माझ्या ताब्यात. ऑर्डर मी तीनदा वाचून घेतली (हिंदीत होती, म्हणून दोनदा स्वतः आन एकदा कँटीनवाल्याकडून). दुसऱ्या दिवशी ठोक्याला गेट लावलं. बाहेर अकरा लेकरं राहिली, आन त्यांच्या मागून धापा टाकत आल्या रुद्राणी मॅडम. ह्या नागरिकशास्त्र शिकवतात. वर्षभरापूर्वी लागल्या, अजून कायम झालेल्या न्हाईत, रोज मला नमस्ते करतात. त्यांनी मोबाइल दाखवला, त्यात आठ वाजून सात मिनिटं. मी ऑर्डरवर बोट ठेवलं. दुसरा मास्तर असता तर माझ्या सात पिढ्यांची चौकशी झाली असती. मॅडमनी ऑर्डर वाचली, मान हलवली, आन त्या अकरा लेकरांना फुटपाथवर बसवून तिथंच तास घेतला. विषय, कायदा सगळ्यांना सारखा. मला बोट दाखवून शिकवत होत्या. मी पोट आत घेऊन उभा राहिलो.

साहेब लई खूश. सव्वीस जानेवारीला आदर्श सेवक म्हणून शाल-श्रीफळ जाहीर झालं. ही बातमी मी फक्त बंकटला फोनवर सांगितली, म्हणजे गावाला सांगितली. त्याचं फ्लेक्सचं दुकान नवं हाय, हात शिवशिवत होते त्याचे. पुढचं तुमी रोज डोळ्यांनी बघताच हाव.

आता खरी गोष्ट. आपल्या घरातलं घड्याळ आई कायम पाच मिनिटं पुढं ठेवते, परळीची एसटी चुकू नये म्हणून, आन घरातला प्रत्येक माणूस मनात पाच वजा करतो. मी बी सवयीनं गेटवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढं ठेवलेलं. रोज मी वजा करायचो. त्या दिवशी ऑर्डरचा एवढा जोश चढला की वजाबाकी राहिली. हे ध्यानात आलं दोन दिवसांनी, सुट्टीची घंटा देताना. हात घंटेपर्यंत गेला, मनात पाच वजा झाले, आन मी तसाच उभा राहिलो. मॅडम टाइमातच आलत्या. आन तो त्यांचा उशिराचा तिसरा लाल शेरा. तीन शेरे झाले की इथं कायम करत न्हाईत, मार्चला घरी. त्यांनी खुलासा दिलता, साहेबांनी त्यावर लिहिलं, गेटवरचं घड्याळ प्रमाण.

महिनाभर मी कारणं गोळा केली. ऑर्डरमध्येच गेटवरचं घड्याळ लिहिलंय. घड्याळ बरोबर हाय का, असं मला कोणी विचारलंच न्हाई. पुढं असलेल्या घड्याळानं माणसाला उशीर होत न्हाई, भलंच होतं. एकूण पाच भरली. पाच म्हटल्यावर मला आपली शाळा आठवली. सातवीत तुमी मला शाळेच्या मंत्रिमंडळात पाणीमंत्री केलतं आन मी शनिवारी टाकीची तोटी उघडी सोडून कवायतीला गेलतो. सोमवारी टाकी कोरडी. तेव्हा बी मी पाच कारणं दिलती. तुमी सगळी शांतपणे ऐकली, एक एक बोटावर मोजली आन म्हणालात, "तान्या, पाचही खरी हायत. पण तोटी तूच उघडी ठेवली." मग बोअरवरून टाकीपर्यंत चाळीस घागरी. आपल्या पुस्तकातलं हक्क आन कर्तव्य मी विसरलो, मामा, पण त्या घागरी खांद्याला याद हायत.

सव्वीसला मला स्टेजवर बोलावलं. नारळ हातात आला, शाल साहेबांच्या हातात, माइक समोर. मी म्हणालो, "घड़ी मैंच आगे करा था. मॅडम टाइम पे थे." एवढंच. तानाजी थांबला की टाळ्या वाजवायच्या असं लेकरांना आधीच सांगून ठेवलेलं, म्हणून बाराशे लेकरांनी टाळ्या वाजवल्या. साहेब शाल धरून बघत राहिले, मग घडी घालून खुर्चीवर ठेवली. नारळ मागायचा त्यांना सुचला न्हाई.

मॅडमचा शेरा खोडला गेला, मी डोळ्यांनी बघितला. मला मागच्या गेटवर टाकलं, तिथून फक्त कचऱ्याची गाडी येते. पण मामा, मागच्या गेटचं घड्याळ आता सेकंदाला बरोबर हाय, आन त्या कचरावाल्याला मी एक दिवस बी विनाकारण थांबवलेलं न्हाई. काल मॅडम वर्ग घेऊन मागच्या गेटला आल्या. मला स्टूलवर बसवलं आन लेकरांना म्हणाल्या, ह्यांना विचारा. मी टाकीची गोष्ट सांगितली. तुमचं नाव दोनदा घेतलं.

आपला आज्ञाधारक (आता तरी),
तानाजी

ता. क. : तेवढा फ्लेक्स उतरवा. आदर्श सेवक असं लिहिलंय आन मी तो न्हाई. बंकट ऐकत न्हाई, त्याचा फोटो माझ्याहून मोठा हाय. उतरवून कडब्याच्या गंजीवर टाका, छापील बाजू खाली, न्हाईतर शेळ्या माझं तोंड चाटत बसतील.

ता. क. दोन : मला माहीत हाय, त्यात 'मार्गदर्शक सुंदरराव गुरुजी' म्हणून तुमचा बी फोटो हाय आन तो लई छान आलाय. तुमी म्हणाल खोकला हाय, शिडी न्हाई, बंकटला वाईट वाटंल, मार्गदर्शन तर खरंच केलतं, आन पोरानं खरं बोलून नाव काढलंच की. पाचही खरी हायत, मामा. पण फ्लेक्स तुमच्याच दारातल्या लिंबाला बांधलाय.