मुरमाचा उंचवटा आणि त्यावरच्या गासड्या

मी, या घरची धाकटी मुलगी, वय सव्वीस, या घरातली पहिली पदवीधर, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. धोका कमी आहे असं डॉक्टर म्हणतात. धोका नाही, असं मात्र ते म्हणाले नाहीत. म्हणून हे मृत्युपत्र.

एक. बँकेतली माझी शिल्लक आईला द्यावी. तिने ती स्वतःवर खर्च करावी, दादाच्या ट्रॅक्टरवर नाही.

दोन. पदवीचं प्रमाणपत्र, फ्रेमसकट, बाबांना. ते त्यांनी गोठ्याच्या दारावर लावलं आहे, ते तिथेच राहू द्यावं. "माझ्या पोरीचं" असं ते दूधवाल्याला सांगतात, ते मी ऐकलं आहे. मला कधी सांगितलं नाही, ती गोष्ट वेगळी.

तीन. वहिनीला काही नाही. तिला मी साक्षीदार नेमलं आहे. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये, असं वकीलबाईंनी सांगितलं आहे, तेव्हा ही जागा तिच्यासाठी अगदी योग्य आहे. कारणही लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी तर्क करायला नको. ती या घरात आली आणि वर्षभरात सगळ्यांची झाली. बाबा तिला विचारून बाजारात जातात. माझी लाडकी तांबडी गाय तिच्या हाकेला माझ्याआधी मान वळवते. मी तिचा राग करते असं नाही. माझ्या पोटात दुखतं, एवढंच.

चार. माझी खरी मिळकत म्हणजे गोठ्यामागचा मुरमाचा उंचवटा. तिथे काही उगवत नाही म्हणून बाबांनी तो माझ्या नावावर केला. "हिच्या पदवीएवढाच कामाचा," असं तेव्हा हसून म्हणाले होते. त्याआधी आमच्या गवताच्या गोल गासड्या मोठ्या झाडाखाली रचत. सावलीत गवत चांगलं राहतं, असा घरचा समज. झाडावरून पाणी ठिबकत राही, ऊन लागत नसे, आणि थंडी संपेपर्यंत बाहेरचा वीतभर थर काळा पडून जाई. गोल गासडीत तो वीतभर थर म्हणजे जवळजवळ निम्मं गवत. हे मी कागदावर गणित करून दाखवलं. बाबा म्हणाले, "कागद खाऊन गाय दूध देत नाही."

म्हणून मी माझ्या उंचवट्यावर खडी पसरली आणि माझ्या पद्धतीने गासड्या लावल्या. ती पद्धत अशी, आणि माझ्यामागे तीच पाळावी: जाळी घट्ट गुंडाळलेली असावी. रांग उताराच्या दिशेने, दक्षिणोत्तर, म्हणजे पाणी अडत नाही आणि दोन्ही बाजूंना ऊन मिळतं. सपाट तोंडाला सपाट तोंड चिकटवून ठेवावं, मध्ये बोटही जाता कामा नये. मात्र दोन रांगांच्या मध्ये माणूस मोकळा चालेल एवढी वाट सोडावी. एकावर एक कधीही चढवू नये.

पुढच्या वर्षी गवत पिवळंधमक निघालं. शेजारीपाजारी बघायला आले. मी तालुक्याला गेले होते, म्हणून वहिनीने त्यांना सगळं फिरवून दाखवलं. तेव्हापासून अख्ख्या वस्तीत माझ्या रांगेला "वहिनीची रांग" म्हणतात. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

~~हा उंचवटा, वरील पद्धत पाळण्याच्या अटीवर, दादाला द्यावा.~~

वरची ओळ मी स्वतः खोडली आहे आणि शेजारी सही केली आहे. का खोडली, तेही लिहिते.

आज दुपारी शेवटच्या कापणीच्या गासड्या आल्या. मला वजन उचलायची बंदी आहे, म्हणून मी खिडकीशी हेच लिहीत बसले होते. दादा गासड्या लावत होता. प्रत्येक दोन गासड्यांमध्ये हातभर फट. हवा खेळावी म्हणून! दोन वर्षं सांगितलेलं पालथ्या घड्यावर पाणी.

मी खिडकी उघडेपर्यंत वहिनी तिथे पोचली होती.

"अहो, या फटीत काय झोपायचंय का तुम्हाला? चिकटवा ती."

"हवा नको?"

"हवा रांगांमधून जाते. फटीतून पाऊस शिरतो."

तेवढ्यात बाबा आले. "उरलेल्या वर चढव रे. रस्त्यावरून ढीग दिसला पाहिजे."

"मामंजी, रस्त्याला खायला घालायचंय की गाईंना? दोन गासड्यांच्या बेचक्यात पाणी साठलं की वरची नि खालची, दोन्ही गेल्या."

"हे तुला कोणी सांगितलं?"

मी पेन खाली ठेवलं.

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? दिसतंच की," वहिनी म्हणाली.

बाबा हसले आणि त्यांनी ऐकलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी घसा कोरडा केला, खडी वाहिली, आणि हिला "दिसतं"!

मग बाहेर पाहिलं. दादा फटी मिटवत होता. वरच्या गासड्या खाली उतरत होत्या. मी सांगितलं म्हणून दादाने हे केलंच असतं, तर फार तर एक दिवस. वहिनी ते कायम करील, कारण तिला ते स्वतःचं वाटतं. आपलं वाटतं तेच माणूस जपतं. हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं आणि आज शिकायचीही इच्छा नव्हती.

तेव्हा, उंचवटा वहिनीला द्यावा. गासडीत खुपसून ओलावा मोजायचा माझा गजही तिलाच. कलम तीन रद्द समजावं, पोटदुखीचा भाग सोडून. अट एकच: रांग माझ्यापेक्षा चांगली लावू नये. लावलीच, तर कोणी माझ्या फोटोसमोर येऊन सांगू नये.

स्थळ: गोठ्यामागची खोली. ऑपरेशनच्या आधीचा सोमवार, दिवेलागण.

सही: धाकटी

साक्षीदार:
१. गुरांचे डॉक्टर (सही)
२. ~~वहिनी~~ दूधगाडीचे ड्रायव्हर (सही)

दुसरं नाव खोडल्याचा खुलासा: वहिनी हात पुसून, पेन घेऊन सही करायला आली होती. मी कागदावर हात ठेवला.

"वन्सं, म्हणजे माझ्या सहीचा भरवसा नाही?"

"नाही," मी म्हणाले.

ती फणकाऱ्याने गेली. कारण मी सांगितलेलं नाही. मी घरी परत आले, तर ते तिला कळायची गरजही नाही.