बेटाला प्रदक्षिणा

२ फेब्रुवारी २००६, शिरड शहापूर
वसरामच्या किराणा दुकानात हरीशचा फोन आला. घरी अजून फोन नाही. असता तरी मी दुकानातच घेतला असता, तिथे ऐकायला चार माणसं असतात.
हरीश माझा एकुलता एक मुलगा. हिंगोलीच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झाला, मुंबईला गेला, मग जहाजावर. आता भूमध्य समुद्रातल्या एका लहानशा बेटावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. सहा वर्षं घरी आलेला नाही. सुट्टी मिळत नाही, म्हणून मे महिन्यात आम्हा दोघांनाच तिकडे बोलावतोय. त्याचा मालक एका रविवारी आपली बोट देणार. अख्खी बोट, फक्त आमच्यासाठी. बेटाला पूर्ण फेरी.
फोनवर म्हणाला, ‘बाबा, तुमी, मी अन् माय, तिघं एका बोटीत. लहानपणापासून तुमच्यासंगं पाण्यात उतरायचं राहूनच गेलं.’
पोराला माझ्याशिवाय पाण्यात अजून भीती वाटत असणार. होकार दिला. आवाज जरा फाटला, पण तो लाइनचा दोष.

३ फेब्रुवारी
झोप नाही. पण घाबरण्यासारखं काही नाही. सातवीपर्यंत शिकलेला माझ्या वयाचा गावात दुसरा माणूस नाही (निकाल हा वेगळा विषय आहे). भूमध्य म्हणजे जमिनीच्या मधला. म्हणजे चारी बाजूंनी जमीन. म्हणजे समुद्र नाहीच तो, मोठं तळं. आपल्या सिद्धेश्वर धरणासारखं.
काळजी आहे ती द्वारकाबाईची, हरीशच्या आईची. बाईमाणूस. बोटीत घाबरली तर हरीशचा रविवार वाया जाईल. तिची तयारी मला करून घ्यावी लागेल. पाण्याचा अनुभव मलाच आहे. गावातली निम्मी पोरं मी पोहायला शिकवली. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा, विहिरीत ढकलायचं आणि काठावरून ओरडायचं, हात मार, पाय मार. हरीशलाही तसाच शिकवला. पाण्यात उतरून कोणीही शिकवेल. काठावरून शिकवायला अक्कल लागते.

११ फेब्रुवारी
निश्चय: रोज अर्धा तास हलण्याची सवय करायची. कडुनिंबाच्या फांदीला दोर टाकून बाज टांगली. द्वारकाबाईला म्हटलं, बस. ती म्हणाली, ‘मला भाकरी करायच्यात, तुमीच डुला.’ नमुना दाखवायला मी बसलो. दोन झोक्यांनंतर उतरलो. मळमळलं. सकाळचा चहा फार गोड झाला होता.
वसराम कुंपणावरून बघत होता. म्हणाला, ‘दगडोबा काका, नाव तर असं ठेवलंय मायबापानं, पाण्यात जाता काहून?’ गावात शिकलेल्या माणसाची किंमत नाही.

२० फेब्रुवारी
पासपोर्टची चौकशी झाली. जमादार म्हणाला, तिकडे जाऊन काय करणार. मी म्हटलं, बेटाला फेरी मारणार. शेजारची बेबीबाई तिथेच उभी होती. म्हणाली, ‘अगं माय, म्हंजे प्रदक्षिणाच की! देव कोन हाये तिथं?’
 दुकानातून हरीशला फोन लावला. म्हणाला, टेकडीवर एका माउलीचं चर्च आहे, बोटवाले तिला फार मानतात. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दोघींनी नारळ आणून दिले, एकीने खण.
आता हे हवा खाण्याचं काम राहिलं नाही. धर्माचं काम झालं. धर्माचं काम नियमाने करावं लागतं.

२७ फेब्रुवारी
काल महाशिवरात्र. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. बाहेर आलो तर माझ्या चपला नाहीत. नव्या होत्या. तापलेल्या डांबरावरून स्टँडपर्यंत अनवाणी. द्वारकाबाई म्हणाली, ‘आता कुठंबी गेलं की एकानं चपलापाशी बसायचं.’ बाईचं बोलणं क्वचित बरोबर असतं, पण असतं.

१२ मार्च, रविवार
सिद्धेश्वरला नेऊन द्वारकाबाईची चाचणी घेतली. एका भोयाची नाव ठरवली. ती पदर खोचून सरळ आत जाऊन बसली. अज्ञानात भीती नसते.
मग मी. एक पाय नावेत ठेवला. दुसरा काठावर होता. नाव सरकू लागली. कोणता पाय उचलावा याचा विचार करायला थोडा वेळ मिळायला हवा होता. मिळाला नाही. चिखलात बसलो. पाणी गुडघाभर, पण गुडघा बसलेल्या माणसाचा.
भोयाला म्हटलं, नाव बांधून ठेवायची पद्धत नाही का तुमच्यात? म्हणाला, ‘बाबा, बांधलेल्या नावंत बसून जानार कुठं?’ द्वारकाबाई इतकी हसली की नाव हलली. त्याला म्हणे, ‘म्या पूर्णाकाठची पोरगी हाय दादा. आमच्या हरीशला यांनी हिरीत ढकलला तवा डबा सुटला व्हता. उडी कोनी मारली, इचारा यांना.’ जुन्या गोष्टी परक्यासमोर काढायची तिची सवय वाईट आहे. त्या वेळी मी काठावरून सूचना देत होतो, हे ती कधीच सांगत नाही.
ते दोघं फेरी मारून आले. तिला धीर वाटावा म्हणून मी काठावरून हात हलवत राहिलो. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. चाचणीत ती पास.

२ एप्रिल
ठाम निश्चय: मे महिन्यापर्यंत पोहणं. मला येतंच, फक्त सराव नाही. रोज विहिरीच्या पायऱ्यांवर एक पायरी खाली.

३ एप्रिल
घोट्यापर्यंत. फार थंड.

४ एप्रिल
घोट्यापर्यंत. पायाला काहीतरी लागलं. मासा किंवा साप किंवा पान.

५ एप्रिल
सर्दी.

१३ एप्रिल
हनुमान जयंती. समुद्र ओलांडणाऱ्या देवाचा दिवस. या दिवशी आपण पाण्यात उतरून बरोबरी करणं शोभत नाही.

२७ एप्रिल
अमावस्या. आता बाराच दिवस राहिले. नव्याने काही शिकायला घेतलं की जुनं येत असलेलंही बिघडतं. सराव बंद. नव्या चपला घेतल्या.

९ मे
विमानात. खाली समुद्र होता म्हणतात. मी डोळ्यांना विश्रांती दिली. द्वारकाबाई काचेला नाक लावून बसली होती. सारखी म्हणे, ‘अहो, जहाज! अहो, आनखी एक!’ मी तिला म्हटलं, मोजत बस, मला सांगू नको.

१२ मे, बेट
हरीशचे कानाजवळचे केस पांढरे झालेत. बत्तीस वर्षांचं पोरगं. पाया पडायला वाकला तेव्हा हाताला डिझेलचा वास होता. 
बेट म्हणजे आपल्याकडचा माळच. दगड, शेळ्या आणि जागोजाग निवडुंग. माणसंही तशीच, उन्हाने भाजलेली, दुपारी दार लावून झोपणारी. इथवर ठीक.
पण पाणी चांगलं नाही. फार स्वच्छ आहे. आपल्या धरणाचं पाणी गढूळ असतं, किती खोल ते कळत नाही, मनाला समाधान असतं. इथे तळ दिसतो. आणि तो खूप खाली दिसतो.
संध्याकाळी हरीशने बोट दाखवली. पांढरी, धुऊन पुसून ठेवलेली. रोज काम संपल्यावर तो तिला रंग देत होता म्हणे. मधल्या बाकावर निळी गादी. म्हणाला, ‘बाबा, ही तुमची जागा. गादी मीच शिवून घेतली. इथं हलत न्हाई.’ मी बोट लांबूनच पाहिली. चांगली वस्तू लांबून चांगली दिसते.

१३ मे, शनिवार
आज एक महत्त्वाची गोष्ट माझ्या लक्षात आली, दुसऱ्या कोणाच्या आली नसती. बोटीचा कप्तान, माझ्याच वयाचा, तोंडात विझलेली सिगारेट, त्याला हरीशकरवी विचारलं की बोट कोणत्या बाजूने जाणार. त्याने हाताने दाखवलं. बेट डाव्या हाताला ठेवून! का, तर वारा तसा आहे.
उलटी प्रदक्षिणा! देव उजव्या हाताला पाहिजे, हे लहान लेकरालाही माहीत असतं. गावाने नारळ पाठवलेत. मला फार वाईट वाटलं. जेवण मात्र बऱ्याच दिवसांनी पोटभर गेलं.
हरीशला सांगितलं, मन मोठं कर, आता मला जाता येणार नाही.  द्वारकाबाई म्हणाली, ‘नागनाथाला तर आपुन अर्ध्यातून माघारी फिरतो, पुरी करतच न्हाई. तवा तुमचा देव कोपत न्हाई तो?’ मुद्दा बरोबर होता. महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच असते. म्हणून अर्ध्यापर्यंत जायला मी तयार झालो. मग हिशेब केला. अर्ध्यातून परत यायला पूर्ण फेरीइतकंच पाणी लागतं. नकार कायम ठेवला.
हरीश उठून कप्तानाकडे गेला. पोरगं समजूतदार आहे. बोट रद्द करायला गेलं असेल.

१४ मे, रविवार, सकाळी
रद्द केली नाही. कप्तान बेट उजव्या हाताला ठेवायला तयार झाला. वारा तोंडावर घेईन म्हणाला, वेळ जास्त लागला तर लागू दे. म्हाताऱ्याची देवी ती माझी देवी, असं म्हणाला म्हणे. ज्याने त्याने आपल्या मतावर ठाम राहावं. लोकांना हे का जमत नाही.
नारळ पिशवीत. नव्या चपला. उलटीची गोळी. अंगारा. गोळी आणखी एक.

१४ मे, दुपारी, धक्क्यावर बसून
सगळं सविस्तर लिहून ठेवतो.
धक्क्यावर पोचल्यावर कप्तानाने बुटांकडे बोट दाखवलं. बोटीत पायताण चालत नाही, लाकूड खराब होतं. सगळ्यांनी अनवाणी चढायचं. एक वेताची टोपली होती, तिच्यात सगळ्यांचे जोड ठेवले. हरीशचे बूट, द्वारकाबाईच्या स्लीपर, कप्तानाचे फाटके बूट, माझ्या नव्या चपला. आणि टोपली तशीच, उघड्यावर, धक्क्यावर!
मी विचारलं, इथे कोण बसणार? हरीश म्हणाला, ‘कोनी न्हाई बाबा. इथं चपला कोनी नेत न्हाई.’ मी म्हटलं, औंढ्यालाही असंच वाटलं होतं. द्वारकाबाई तोपर्यंत बोटीत पोचली होती. तिथून म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या ना त्या चपला! गेल्या तर गेल्या!’ मी तिला तिच्याच शब्दांची आठवण करून दिली. एकाने चपलांपाशी बसायचं. तिने कपाळाला हात लावला.
कप्तानाने इंजिन चालू केलं. हरीश बोटीच्या कडेला उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. म्हणाला, ‘या बाबा. मी धरतो.’
मी हात देणारच होतो. खरंच देणार होतो. पण हातात टोपली होती.
तो हात बराच वेळ तसाच होता. विहिरीतही त्याने असाच हात वर केला होता. मग कप्तान काहीतरी बोलला आणि हरीशने हात खाली घेतला. मी नारळाची पिशवी द्वारकाबाईकडे फेकली. तिने बरोबर झेलली.
गेले. उजवीकडून. बेट उजव्या हाताला. नियमाप्रमाणे.
निळी गादी लांबपर्यंत दिसत होती.

त्याच दिवशी, नंतर
एक मांजर येऊन टोपली हुंगून गेलं. बाकी कोणी नाही. एक गोरी बाई कुत्रं घेऊन आली, माझ्याकडे बघून हसली. मी टोपली मांडीवर घेतली.
ऊन आहे. पाणी धक्क्याला चाटतं. मी मागे सरकून बसलो आहे.
बोट अजून दिसत नाही. वारा तोंडावर असेल. त्यांना माझ्यामुळेच वेळ लागत असेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी
आले. डावीकडून उगवले. द्वारकाबाईचा अंबाडा सुटला होता, पदर कोपरापर्यंत ओला, आणि ती अशी दिसत होती जशी मी तिला पाहायला गेलो त्या दिवशी दिसत होती. म्हणाली, ‘अहो, बेटाच्या मागं गुहा हाय, आत पाणी निळं निळं. कप्तानानं इंजिन बंद केलं. मी गाणं म्हनलं. नारळ तुमच्या नावानं सोडला.’
हरीशने टोपलीतून आपले बूट घेतले, खाली बसून घातले, नाडी बांधली. बाकीचे जोड एकेक करून पाहिले. मग म्हणाला, ‘बाबा, चारी जोड बराबर हायेत.’
मी होतो म्हणून.

४ जून, शिरड शहापूर
वसरामच्या दुकानात लोक जमले. बेबीबाईने विचारलं, ‘कशी झाली परदक्षिना? देवी कोन्या हाताला ठिवली?’ मी गुहेपासून सुरुवात केली. निळं पाणी सांगितलं, वारा सांगितला. द्वारकाबाई साखर घ्यायला आली होती, तिथेच उभी राहिली. मी मधेच थांबून पाणी मागितलं. उन्हाळा आहे. ती म्हणाली, ‘उजव्या हाताला ठिवली. यांनीच तसं ठरवलं व्हतं.’ आणि साखर घेऊन गेली.
तेवढ्यात हरीशचा फोन. मालक पुढल्या वर्षीही बोट देणार आहे. गादी त्याने घडी करून ठेवली आहे. म्हणाला, ‘बाबा, पुढल्या वक्ताला आपन घरूनच अनवानी निघू. टोपलीच नको.’
दुकानातले सगळे माझ्याकडे बघत होते.  मग त्याला सांगितलं, बेटावर निवडुंग फार आहे.