घसरायचं की पळायचं?

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग खराखुरा आहे, फक्त उताणा. मी गाडीखाली पडून लिहितेय. पेन उलटं चालत नाही म्हणून पेन्सिल घेतलीय, तेव्हा अक्षराला हसू नये.) आईचे गुडघे कुरकुरतात, पण तिच्याइतके नाही. बाबांचं ब्लडप्रेशर उत्तम आहे, ते फक्त इतरांचं वाढवतात. तुझी तब्येत कशी आहे? नुसतं ‘ठीक’ लिहू नकोस. तीन वर्षांत तो शब्द तू इतका वापरलास की त्याच्या कडा झिजल्या.

तर बातमी अशी की आपल्या गाडीचे शॉकअप पाझरायला लागले. एका खड्ड्यातून गेली की पुढची दोन मिनिटं ‘हो हो’ म्हणत मान डोलवत राहायची. गॅरेजवाले काका म्हणाले, आता ठिगळं पुरे, सरळ कॉइलओव्हर घाल. स्प्रिंग आणि शॉकअप एकातच, आणि रिंग फिरवून गाडीची उंची हवी तशी करता येते. मी दुकानात गेले. तिथल्या मालकाला जगातलं सगळं कळतं म्हणून मी मनातल्या मनात त्याला सर्वज्ञ म्हणते. त्यानं मान वर न करता विचारलं, “घसरायचं की पळायचं?”

आता बघ, मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत ‘हे बरं की आधीचं बरं?’ असं विचारते आणि गिऱ्हाईक गोंधळलं की गालातल्या गालात हसते. त्या सगळ्यांची हाय मला एकदम लागली. सर्वज्ञानं समजावलं ते असं. घसरायचं म्हणजे ड्रिफ्टिंग, गाडीचं मागचं अंग मुद्दाम घसरू देत वळायचं; त्याचा सेट वेगळा. पुढच्या स्प्रिंगा चांगल्या कडक, मागच्या त्या मानानं मऊ. गाडी झटकन अंग टाकते, तिरकी होते, आणि तिरकी असतानाही मागची चाकं जमीन धरून असतात. पळायचं म्हणजे रेसिंग, तो सेट शिस्तीचा. दबणं वेगळं जुळवायचं, उसळणं वेगळं, आणि रस्ता कसाही असो, चारही टायर जमिनीला चिकटलेले हवेत. थोडक्यात काय, पहिला सेट म्हणजे तू आणि दुसरा म्हणजे मी.

“दादाला विचारून सांगते,” मी म्हणाले.

“ताई, तीन आठवड्यांपूर्वीही तुम्ही हेच म्हणाला होतात.”

(तुला विचारलं नव्हतं. रोज फोन हातात घ्यायचे, तुझं नाव काढायचे, बॅटरी किती आहे ते बघायचे आणि ठेवून द्यायचे.) शेवटी घेतला आपला शिस्तीचा.

तो बसवताना बाबांनी मदत केली. हे वाक्य दोनदा वाच, म्हणजे पुढचं सांगायला नको. मी आणि काका हात धुवायला गेलो तेवढ्यात त्यांना मागच्या एका कोपऱ्याची रिंग सैल वाटली, म्हणून त्यांनी ती चांगली दहा वेळा फिरवली. उलटी. गाडी जॅकवरून उतरवली तर खांबापाशी थांबलेल्या कुत्र्यासारखी एक कोपरा वर करून उभी. बाबा म्हणाले, जमीनच वाकडी आहे. काकांनी निमूटपणे जमीन मोजली. जमीन सरळ होती. बाबा मग तासभर वर्तमानपत्रात तोंड घालून बसले.

रविवारी ट्रॅकवर गेलो. बाबा घड्याळ घेऊन कठड्यापाशी, मी गाडीत. दादा, काय चालली म्हणून सांगू! सुईत दोरा ओवावा तशी एकेका वळणातून निघाली. बाबांनी ओरडून सांगितलं, आजवरच्या वेळेपेक्षा दोन सेकंद कमी. चार लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या कामाला लागले. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्याची थोडा वेळ वाट पाहिली, तो काही आला नाही. शेजारच्या सीटवरून तू ओरडायचास, ‘सोड गं मागचं, सोड!’ आणि मी म्हणायचे, गप्प बस. आता गप्प बसवायलाच कोणी नाही.

तेवढ्यात झेंडेवाले आजोबा खिडकीशी वाकले. “तिरपा कुठाय?” (तुझं खरं नाव तिथे कोणाला ठाऊकच नाही.)

“येणारे,” मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

मग पुन्हा निघाले आणि शेवटच्या वळणावर तुझ्यासारखा हँडब्रेक ओढून मागचं सोडलं. शिस्तीचा सेट तो! आधी ऐकेचना, मग एकदम ऐकलं. दीड गिरकी घेऊन मी पाठमोरी टायरांच्या ढिगात. बंपर गेला, मला ओरखडाही नाही. बाबा धावत आले, दार उघडलं, मला डोक्यापासून चाचपलं आणि म्हणाले, “तो असता तर सावरली असती.”

त्यांना न सांगता नोकरी धरून तू निघालास, तेव्हापासून घरात तुझा विषय बंद होता. तीन वर्षांत पहिल्यांदा ‘तो’ म्हणाले. मी हेल्मेट काढलंच नाही. काच आतून धुकटली होती, आणि चष्मेवालीनं असं आंधळं होणं बरं दिसत नाही.

आणि मी तरी कुठे शहाणी? तू निघालास त्या दिवशी दारात म्हणाले होते, “जा बाबा, निदान गाडी तरी सरळ चालेल.” चेष्टेनं म्हणाले होते. तूही हसलास, पण बॅगेचा पट्टा धरताना तुझा हात दोनदा चुकला. दादा, गाडी सरळ चालते. फार सरळ चालते. सहन होत नाही.

बाकी सर्व ठीक. (बघ, मलाही येतं.) तिकडे नमस्कार सांगावा असं कोणी मोठं नाही, तेव्हा तो तूच ठेवून घे.

तुझी,
धाकटी

ता. क. – त्या दोन सेकंदांचं मनावर घेऊ नकोस. बाबांनी काल कबूल केलं की ते घड्याळाचं बटण दाबायलाच विसरले होते. मला बरं वाटावं म्हणून आकडा ठोकून दिला.

ता. क. २ – सर्वज्ञाकडून घसरायचा सेटही आणलाय. पण तो बसवणं काकांना जमत नाही, मलाही नाही. त्यापुरता तू आलास तर बरं होईल. दोन दिवस पुरतील.

ता. क. ३ – वरचं खोटं आहे. काकांना जमतं, मलाही जमतं. तीन कोपरे बसवून झाले. चौथा मी हातात घेतला, तर बाबांनी तो माझ्याकडून काढून घेतला, स्वतःच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. किल्ली मागितली तर म्हणतात, आल्यावर त्यालाच देईन.