तिसरा रकाना

९ जानेवारी

वाहत नाही, पण आटतही नाही, अशा पाण्याला काय म्हणायचं? मला सांगता येत नाही. नदीच्या सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये रकाने तीनच — वाहते पाणी, कोरडे पात्र, साचलेले पाणी. नदीच्या वळणावरच्या डोहापाशी आज अर्धा तास पेन हातात धरून उभी होते. शेवटी साहेबांना फोन केला.

"पाणी हलतंय का?"

"नाही सर, पण —"

"मग साचलंय. लिहा आणि पुढे चला. अजून अकरा किलोमीटर आहेत."

तिसऱ्या रकान्यात खूण केली. खाली सही, पूर्ण नाव, पुढे बी.एस्सी. ते लिहायची गरज नव्हती. लिहिलं!

१० जानेवारी

पायांना फोड आलेत. पण दुष्काळातही जगणारी नदी उभी करायची, असं योजनेच्या पहिल्याच पानावर छापलंय. त्यासाठी फोड चालतील.

२ फेब्रुवारी

मंजुरी आली! पूर्ण निधी, एकाच टप्प्यात. आई शेजारणीला सांगत होती, "आमच्या पोरीच्या कागदावर सरकार नदी दुरुस्त करतंय." दाराआड उभी राहून सगळं ऐकलं. आवडलं.

५ फेब्रुवारी

मंजूर आराखडा आज हातात पडला. पान एकतीस — 'साचलेल्या पाण्याच्या जागा भराव टाकून सपाट करणे.' कारण काय, तर डास. यादीत सात जागा. सहा खरोखरच डबकी आहेत. सातवी जागा म्हणजे तो डोह.

तशीच साहेबांकडे गेले.

"सर, तो डोह आहे. खोल आहे."

"किती खोल?"

मोजलाच नव्हता मी!

"फॉर्मवर सही कोणाची, मॅडम? माझी?" चहा ढवळत त्यांनी विचारलं. चमचा थांबला नाही. "आता दुरुस्ती म्हणजे फेरसर्वेक्षण. तोवर निधी गेला परत. बावीस गावांना घरोघर जाऊन सांगा मग, तुमच्यामुळे वर्ष गेलं म्हणून."

ते खोटं बोलत असते तर किती बरं झालं असतं! पण बंधारे, काठावरची झाडं, विहिरींचं पुनर्भरण, सगळं त्याच एका मंजुरीत आहे. आणि ते सगळं चांगलं आहे. म्हणून तर जास्त चीड येते.

८ फेब्रुवारी

डोहावर गेले. मासे धरणारी मावशी तिथेच होती. सगळे तिला मावशीच म्हणतात. तिने दोन काठ्या एकीला एक बांधून पाण्यात सोडल्या. तळ लागला नाही.

"मोठा दुष्काळ पडला त्या वर्षी नदी वरपासून खालपर्यंत तडकली होती. इथे मात्र पाणी. सगळे मासे इथे दाटीवाटीनं राहिले, आणि नदी आली तसे इथूनच चहूकडे गेले. आमच्या विहिरीही ह्याच्याच जिवावर." मग माझ्याकडे बघून, "कुणीतरी ह्याला डबकं लिहिलंय म्हणे. कोण गं ते आंधळं?"

"चौकशी करते मावशी," म्हणाले.

९ फेब्रुवारी

चौकशी करते म्हणे! ते आंधळं मी.

१४ फेब्रुवारी

बाबा हसत घरी आले. वर्षभर नुसतं उभं असलेलं त्यांचं पोकलेन नदीवर लागणार — तीन महिन्यांचं काम! "आणि पहिली जागा कुठली माहितीये? वळणावरची."

जेवताना सांगून टाकलं. ती जागा भरू नका, मी चुकीचं लिहिलंय.

"साहेबाला माहीत आहे?"

"आहे."

"मग साहेब बघेल."

आई उसळलीच. "नोकरीला वर्ष झालं नाही आणि हिला चूक सापडली. ती पण स्वतःची! दुसऱ्याची शोध की!"

बाबांनी ताट पुढे सरकवलं. "तू लिहिलंस, मी भरतो. शिकलेल्या माणसाचं ऐकावं म्हणूनच शिकवलं ना तुला?"

टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं. उलट बोलता तरी आलं असतं.

१९ फेब्रुवारी

साहेबांनी नवा कागद पुढे टाकला. 'सदर जागी मासे अथवा अन्य जलचर आढळले नाहीत.' तारीख घालायची ९ जानेवारी!

"सर, मी त्या दिवशी मासे शोधलेच नव्हते."

"मग आढळले नाहीत, हे खरंच आहे की." आणि हसले. स्वतःच्या विनोदावर!

"वाचून उद्या देते."

"एक ओळ आहे, मॅडम. पदवी घेताना याहून मोठं काही वाचलं असेल ना?"

नालायक माणूस. नालायक, नालायक! इथे लिहायला काय जातं — तोंडावर 'हो सर' म्हणाले. म्हणजे आम्ही दोघंही नालायक.

२० फेब्रुवारी

सही केली नाही. "विसरले," म्हणाले. शूर!

२३ फेब्रुवारी

डोहाभोवती खुणेचे लाल खांब. मुरुमाचे ढीग येऊन पडलेत. भराव २ मार्चपासून. मावशीने लांबूनच पाहिलं, हाक मारली नाही. तिला कळलंय.

२ मार्च

बाबा सकाळी सहालाच गेले. डबा मी भरून दिला. हातांनी आपोआप भरला.

४ मार्च

अर्ज २४ तारखेलाच दिला होता. निधी देणाऱ्या मुख्य कार्यालयात, स्वतः जाऊन. सर्वेक्षण चुकीचं, चूक माझी, खोली मोजलीच नव्हती, आणि मागच्या तारखेची सही मागितली जातेय. हे या वहीतसुद्धा लिहायची हिंमत झाली नव्हती. आज आदेश आला — फेरसर्वेक्षण होईपर्यंत संपूर्ण नदीवरचं काम बंद. साहेब म्हणाले, "जा, तुम्हीच नेऊन द्या जागेवर."

नेला. एका बाजूचा काठ बुजला होता, बाकी डोह होता. बाबांनी मशीन बंद केलं. कागद उलटापालटा करून पाहिला आणि माझ्याच हातात परत दिला. "वाच."

सगळा वाचला. मोठ्यानं. माझ्या नावासकट.