ईसीजी सरळ होईपर्यंत

४ फेब्रुवारी
चिंतामणीमामा पहाटे गेले. काल वलवणला स्कूटरवरून पडले. ते ऐकताच सासूबाई छाती धरून खाली बसल्या — त्या आता इथे तळेगावात आयसीयूत. भाऊ-बहीण दोघांचं एकदमच! ब्लॉकेज नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धक्क्याने हृदयाचा स्नायू दुबळा पडलाय, बहुतेक सुधारतो. पण आत्ता आणखी धक्का नको.

सुहास म्हणाला, "मामांचं आईला सांगायचं नाही." आणि हे निभवायचं कुणी? सुनेने!

६ फेब्रुवारी
ईसीजीच्या पट्टीवर लाटा उलट्या, खोल. मी तशीच पट्टी घेऊन धावले. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या — "या आजारात असं होतं. यांचा स्नायू सावरतोय असंच मला यावरून वाटतंय. लाटा सरळ व्हायला लागल्या की इको करू, मग सांगा."

आई विचारतात, "चिंतू कसाय?"

"बरे आहेत, आई. पायाला प्लास्टर आहे. पाणी देऊ?"

९ फेब्रुवारी
आई वॉर्डात आल्या. शेजारच्या खाटेवरच्या वडिवळ्याच्या शकुमावशींनी मला हळूच जवळ बोलावलं. "पोरी, खोटं बोलतानी लय पाणी पाजतीस गं तिला!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११ फेब्रुवारी
आईंना घरी आणलं. मामांचं विचारलंच नाही त्यांनी. सुटले!

१३ फेब्रुवारी
मामांचा दहावा. आईंना म्हटलं, सुहास ऑफिसला गेलाय. तिकडे इंद्रायणीकाठी पिंडाला कावळा शिवेना. सुहास म्हणाला, "आईला सांभाळीन." — तरी शिवेना. "आईला सगळं सांगेन" म्हटलं मात्र, कावळा आला! माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी ऐकून अंगावर काटा आला.

१८ फेब्रुवारी
लाटा सरळ व्हायला लागल्या! इकोही चांगला. "आता सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जवळ बसून."

सुहास म्हणतो, "तूच सांग ना, तुला जमतं." वा रे शूर! चांगली झापणार होते, तर रडायलाच लागला. त्याचाही मामाच की तो. बिचाऱ्याला या दिवसांत धड रडताही आलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी
आईंच्या दोन्ही बाजूंना बसलो. सांगायच्या ऐवजी मी सवयीने पेला उचलला.

आईंनी तो माझ्याच ओठांना लावला. "पी. मला तेव्हाच कळलं होतं गं, तू पहिल्यांदा पाणी दिलंस तेव्हा. तुम्हा दोघांचा जीव त्या पट्टीत अडकलेला. म्हटलं, होऊ दे आधी सरळ."

म्हणजे इतके दिवस त्या एकट्याच...

मग सुहासकडे वळून म्हणाल्या, "कावळा माझ्यासाठी अडला असेल ना रे?"