झाकणबंद तळी

सोमवार, ४
आज या गृहात अपहरण घडले. माझी कॉफीची बरणी — काचेची, रुंद तोंडाची — रिकामी करून नेण्यात आली. कॉफी आजच्या वर्तमानपत्रावर ओतलेली. नेमकी माझ्या बातमीवर! गुन्हेगार आमची ही. गुन्हा कबूल. तिसरीच्या वर्गाला परिसंस्था शिकवायची आहे, म्हणून प्रत्येक पोराने बरणीत तळे करायचे. तळाशी गाळ, थोडी पाणवनस्पती, ओढ्यातल्या गोगलगायी, वरून शाळेच्या नळाचे पाणी.

आमची टिटवी (वय आठ, आवाज नावाला साजेसा) आईच्याच वर्गात. "बाबा, झाकण लावलं की बाहेरून काही घालायचं नाही. आतलं जग आतच चालतं!"

"आमच्या संपादकांच्या केबिनसारखं."

हसली नाही. शास्त्रज्ञ हसत नाहीत म्हणे.

बुधवार, ६
शाळेच्या अंगणात सुतळीचा खेळ. एक पोर बेडूक, एक बगळा, एक शेवाळ. सगळ्यांच्या हातातून एकच सुतळी. मला सूर्य केले — "त्याला काही काम नसतं" म्हणून. आभारी आहे. मग ही म्हणाली, "बेडूक मेला!" बेडकाने सुतळी ओढली. ज्याच्या हाताला ओढ लागेल त्याने खाली बसायचे. बघता बघता सगळे खाली. डास झालेली टिटवी तेवढी हातात सैल सुतळी घेऊन उभी. "आई, आता मी कुणाला चावू?"

पोरे हसली. मला ते उभे राहणे आवडले नाही. का, ते सांगता येत नाही.

रविवार, १०
काल शाळा सुटल्यावर हिने पाहिले — सगळ्या बरण्यांतल्या गोगलगायी गाळावर निपचित. "झाकणं घट्ट बसली असतील हो. पोरं रडतील. नव्या आणा ना ओढ्यावरून!"

जन्मभर दुसऱ्यांची झाकपाक छापणारा मी, पँट दुमडून ओढ्यात. दुपारी बंद वर्गात बसून अदलाबदल केली, झाकणांना भोके पाडली. मेलेल्या गोगलगायी कुंपणापाशी पुरल्या. ही गुणगुणत होती.

सोमवार, ११
"बाई, माझी गुटगुटीत झाली!" — पोरे खूश.

गुरुवार, १४
पुन्हा सगळ्या मेल्या. भोके असूनही! पुन्हा ओढा, पुन्हा अदलाबदल. या वेळी गुणगुणणे नाही.

शनिवार, १६
"बाबा, माझ्या गोगलगायीच्या शंखाला टवका होता. ही ती नाही."

मी खोकलो. ही भांडी घासू लागली — घासलेलीच.

टिटवीने जास्त चौकशी केली नाही. दोन बरण्या मागितल्या. गाळ तोच, वनस्पती तीच, गोगलगायी ओढ्यातल्याच. एकीत ओढ्याचे पाणी, दुसरीत तिच्या बाटलीत उरलेले शाळेचे. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या. "आता कुणी हात लावायचा नाही," असे म्हणाली. आम्हा दोघांकडे बघून.

सोमवार, १८
ओढ्याच्या पाण्यातल्या काचेवर चढताहेत. शाळेच्या पाण्यातल्या पडून.

ही तडक मुख्याध्यापकांकडे गेली. "अहो बाई, गोगलगाय ती! मागच्याच महिन्यात पाण्याची टाकी आतून रंगवून घेतलीय, चकाचक. पाणी तपासायला पाठवतो, पण उगाच बोभाटा नको." नळ चालूच.

मी हिला म्हटले, बातमी करतो.

"करा. आधी विचारतील कशाने मेल्या. मग विचारतील, दोनदा कुणी बदलल्या."

पेन खाली ठेवले.

बुधवार, २०
टिटवी काल दुपारपासून ओकते आहे. डॉक्टरांनी विचारले, "पाणी कुठलं पिते?" ही पांघरूण सारखे करू लागली. मी घड्याळ बघितले! शेवटी टिटवीनेच सांगितले, पडल्या पडल्या, "शाळेचं." वर्गातली आणखी किती पोरे आज आली नाहीत हे विचारायला ही फोन हातात धरून बसली आहे. लावत नाही. मलाही ऐकायचे नाही. भीती वाटते.