चौथी बाटली

सुकापूर, पनवेल
रविवार, दुपार

प्रिय समृद्धी,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलायचं तर मी ओरडते, तू ‘हं’ म्हणतेस आणि तुझी आई शेजारी बसून स्पीकर लावते. मला कळतं, तिच्या बांगड्या वाजतात. म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतच शिकले, ती पण एक दिवस शाळा आणि दोन दिवस दांडी, कारण माझी आई बंदरावर गेली की धाकटी भावंडं माझ्याच कडेवर. तेव्हा काना-मात्रा मोजत बसू नकोस. पत्र कुंदनच्या हाती देते आहे. पाकीट डिंकाने बंद केलंय आणि जोडावर माझी सही आहे. सही फाटलेली दिसली तर नवऱ्याला जाब विचार.

प्रांजल मान धरायला लागली म्हणे. कुंदनने फोटो दाखवला. हनुवटी आमच्या घरची आहे, नाक तुमच्या पेणचं, चालायचंच. दवाखान्यात काचेच्या पेटीत होती तेव्हा तिची मांडी माझ्या अंगठ्याएवढी होती. अठरा दिवस मी त्या काचेबाहेर उभी राहून बघायचे आणि नर्स मला हाकलायची, कारण माझ्या लुगड्याला मासळीचा वास. एकदाही भांडले नाही तिच्याशी. माझ्यासारखी बाई भांडली नाही, यावरून काय ते समज.

बारशाला भांडले, ते मात्र खरं. तुझ्या आईने चारचौघींत सांगितलं, त्या घरातलं पाणी धड होत नाही तोवर माझी लेक आणि नात तिकडे पाऊल टाकणार नाही. मी पाळण्याची दोरी धरली होती. ती सोडली आणि म्हटलं, ‘पाण्याला कशाला नावं ठेवता विहीणबाई, तुमच्या लेकीची पाणीपुरी बघा. सातव्या महिन्यात कावीळ काय आभाळातून पडते?’ तू मान खाली घातलीस. मी चप्पल घातली. त्याला आता चार महिने होतील. आमच्या घरी दार उघडायला तू नाहीस. मी बाजारातून आले की तू दार उघडून हात पुढे करायचीस, ते अजून डोळ्यापुढे येतं, आणि मग मी उगाच माशाची पेटी आपटते.

बरं, मुद्द्यावर येते. पाण्याचं केलं एकदाचं. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू मशीन मागत होतीस आणि मी म्हणत होते, आमी विहिरीचं पाणी पिऊन वाढलो, आम्हाला काय झालं. दिवाळी झाल्यावर कुंदन उलव्याच्या साइटवरून आला, क्रेनचे हातमोजे टेबलावर टाकले आणि म्हणाला, ‘आई, मशीन घेतो. मला माझी पोरगी घरात पाहिजे.’ आवाज चढवला नाही. तेच मला जड गेलं. म्हटलं घे, पण निवडणार मी. आयुष्य गेलं माल निवडण्यात.

पहिला आला तो विनायक नावाचा विक्रेता, गळ्यात टाय, घामाने चिकटलेला. आपल्या नळाचं पाणी एका ग्लासात, त्याच्या मशीनचं दुसऱ्या ग्लासात. विजेच्या वायरीला लावलेल्या लोखंडी सळया आपल्या ग्लासात बुडवल्या, तर दोन मिनिटांत पाणी चिखलासारखं तपकिरी. त्याच्या ग्लासात काहीच नाही. ‘बघा मावशी, हे तुम्ही पिता!’ मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पण त्याचं पाणी पिऊन बघितलं तर बेचव, आळणी पेजेसारखं. मी सवयीने चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं, आता घाल तुझ्या सळया यात. तो म्हणाला, ‘असं नसतं करायचं मावशी.’ मी म्हटलं, ‘का रे, मशीनला मीठ वर्ज्य आहे?’ आणि हात धरून घालायला लावल्या. आपल्यापेक्षा गडद तपकिरी झालं! कल्ल्यांना रंग लावून शिळा मासा ताजा म्हणून विकणारे मी तीस वर्षं बघते आहे. याला काय ओळखणार नाही? पण पोरगा घामाघूम झाला होता, म्हणून चहा पाजून पाठवला.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या आसियाला हे सांगितलं, तर तिची जास्मीन पोट धरून हसली. ती पाणी तपासायच्या लॅबमध्ये लागलीय हे तुला माहीत आहे. म्हणाली, ‘मावशी, ते लोखंड झिजून रंग येतो, त्यात पाण्याची घाण नसते.’ मग खिशातून पेनाएवढं यंत्र काढून नळाच्या पाण्यात धरलं. म्हणाली, आपलं पाणी गोडं आहे, क्षार कमीच आहेत. खाऱ्या बोअरच्या पाण्याला ते मोठं मशीन लागतं, आपल्याकडे ते अर्धं पाणी मोरीतच सोडून देईल. जंतूंसाठी एक तर उकळा, नाही तर साधं दिव्याचं मशीन लावा, आत प्रकाश असतो, त्याने जंतू मरतात. ‘पण आधी घाण कुठे आहे ते तरी बघा. मासा न बघता कोयता उचलता का तुम्ही?’ पोरगी शहाणी आहे. लगेच लग्न जमवायला हवं असं मी आसियाला म्हटलं, तर दोघी माझ्यावर ओरडल्या.

जास्मीनने चार छोट्या बाटल्या आणून दिल्या. तळाशी औषध असतं, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून दोन दिवस ठेवायचं. गटाराची घाण मिसळलेली असली तर आतलं पाणी काळं होतं. एक नळाची भरली, एक गच्चीवरच्या टाकीची, एक आपल्या माठाची. चौथी उरली. ‘ठेवा, लागली तर लागेल,’ जास्मीन म्हणाली. दोन दिवस! मला भात शिजेपर्यंत दम निघत नाही, त्यात हे. बाजारात सुद्धा गिऱ्हाईकाला सुट्टे द्यायचं विसरत होते. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी खिडकीत बघायचे. पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस, तिसरा दिवस, तिन्ही बाटल्या होत्या तशाच. आपल्या घरात घाण नव्हती समृद्धी! मी इतकी खूश झाले की तुझ्या आईला फोन लावायला नंबर काढला. म्हटलं, आज विहीणबाईंना ऐकवते.

त्याआधी आसिया आणि जास्मीनला खाली बोलावलं. ऑक्टोबरचा उकाडा या वर्षी दिवाळी झाली तरी गेला नव्हता. कोकम सरबत केलं, फडक्यातला बर्फ वरवंट्याने फोडला आणि तिघींच्या ग्लासात घातला. मी म्हणाले, बघितलं ना, पाणीपुरीच होती शेवटी. आसिया घोट घेता घेता थांबली. ‘मैना, अगं जास्मीन पण समृद्धीबरोबर त्याच गाडीवर खायची. दर शुक्रवारी. हिला काही नाही झालं.’ तोवर जास्मीन ग्लास डोळ्यापुढे धरून बघत होती. विचारते, ‘मावशी, हा बर्फ कुठला?’ म्हटलं, माझाच. ‘माशाच्या पेटीतला?’ मी म्हटलं, ‘मासा लागलेला नाय गं, लादी येते तेव्हाच कोरा तुकडा बाजूला काढून फडक्यात बांधते. धुऊन घेते. आमच्याकडे सगळ्या जणी आणतात.’ तिने ग्लास खाली ठेवला. हळू बोलली, माशाचं काही नाही मावशी, हा बर्फ कोणत्या पाण्याचा करतात?

तीस वर्षांत हे मी कधी विचारलं नव्हतं. मासा कुठल्या होडीचा, किती वाजता निघाला, कोणी हाताळला, सगळं विचारते. बर्फाला काय विचारायचं, बर्फ तो बर्फ. मी तिघींचे ग्लास मोरीत ओतले. जास्मीनने फडक्यातला उरलेला तुकडा वाटीत वितळवला आणि चौथी बाटली भरली.

ती दोन दिवस थांबली नाही. दुसऱ्या दुपारी काळी. माकुल साफ करताना फुटली की हाताला शाई लागते ना, तशी काळी.

मी ती बाटली तशीच पिशवीत घालून बर्फवाल्या दादूकडे गेले. तो म्हणाला, ‘मैनाबाय, हा मासळीचा बर्फ. मिळंल त्या पाण्याचा होतो. मानसानं खायचा असं मी कवा बोललो?’ खरं होतं. त्याच्याशी भांडायला गेले होते, तशीच परत आले. मग बाजारात ओट्यावर ती बाटली ठेवली आणि सगळ्या बायांना सांगितलं, हा बर्फ घरात न्यायचा नाही, पोराबाळांच्या सरबतात तर नाहीच. सोनाबाई पानाची पिंक टाकून म्हणाली, ‘चाळीस वरसं खाते मी, मेले काय?’ म्हटलं, ‘तू नाय मरणार सोनाबाय, तुला यमसुद्धा घाबरतो. पण तुझा नातू तीन वर्षांचा आहे.’ घरी निघताना बघितलं, तिचं फडकं रिकामं होतं.

घरात आता काय केलंय ते सांगते. दिव्याचं मशीन मोरीच्या वर भिंतीला लावलंय, तू जिथे खिळा मारायला सांगत होतीस तिथेच. आतली नळी कधी बदलायची ती तारीख जास्मीनने कॅलेंडरवर लिहून दिली, कॅलेंडर मी दारामागे टांगलंय. प्रांजलसाठी त्याच्यावर आणखी उकळणार, खळाखळा उकळी आल्यावर घड्याळ बघून पाच मिनिटं. तोटीचं स्टीलचं पिंप आणलं, म्हणजे कोणी हात बुडवायला नको. माठ धुऊन उन्हात पालथा घातलाय. तुझ्या आईला सांगायचं ते एवढंच होतं, आणि ते कुंदनने फोनवर सांगितलं असतं. त्यासाठी मी दोन दुपारी आणि वहीची सहा पानं घालवली नसती.

आता जे सांगायचं आहे ते. मे महिन्यात तुला काही पोटात ठरत नव्हतं. फक्त बर्फ पाहिजे असायचा. मी तीनला बाजारातून यायचे, तू दार उघडून हात पुढे करायचीस, ‘आई, आणला का?’ आणि मी फडकं सोडून एक तुकडा तुझ्या तळव्यावर ठेवायचे. तू कडाकडा चावायचीस. मग मी सरबत करायचे, त्यात आणखी. एरवी मला गोड बोलता येत नाही, तुला माहीत आहे. दिवसभरात तुझ्यासाठी मनापासून काही केलं असेल तर ते तेवढंच. रोज, महिनाभर. कावीळ झाली तेव्हा मी तुला काविळीची माळ घालायला नेत होते, तू ऐकलं नाहीस आणि डॉक्टरकडे गेलीस, म्हणून दोघी वाचलात. जास्मीन म्हणते, मावशी, इतक्या महिन्यांनी नक्की कशाने झालं ते कोणी सांगू शकत नाही. तिला माझी दया आली म्हणून म्हणते. मला कळलंय. पाणीपुरी नव्हती. नळाचं पाणीही नव्हतं. माझ्या हातातला बर्फ होता. बारशात तुला सगळ्यांसमोर खाली बघायला लावलं, आणि तू एकदाही उलट बोलली नाहीस. बाजारात बर्फाचं सांगितलं तेव्हा तुझं नाव काढायची हिंमत झाली नाही. कुंदनला अजून माहीत नाही. आधी त्याला सांगितलं असतं तर तो माझी वकिली करायला तुझ्यापुढे उभा राहिला असता, आणि ती मला नको होती. आधी तुला कळायला हवं होतं. आता तू त्याला सांग, तुझ्या आईला हे वाचून दाखव, मोठ्याने दाखव. बारशाला ज्या बाया होत्या त्यांच्यासमोर मी स्वतः येऊन सांगेन, तू म्हणशील त्या दिवशी. कुंदनच्या पिशवीत दोन वस्तू आहेत. एक, आपल्या नव्या मशीनचं पाणी, उकळून थंड केलेलं. दुसरी, जास्मीनकडून नवी मागून घेतलेली छोटी बाटली, रिकामी, औषध तळाशी आहे. मी भरून पाठवली नाही. माझ्या हातावर विश्वास ठेवायचं आता कारण नाही. ते पाणी तू तुझ्या हाताने खुणेपर्यंत भर, झाकण लाव आणि पाळण्यापासून लांब, उंच फळीवर ठेव. दोन दिवस बघ. काळी झाली तर मला काही कळवू नकोस. नाही झाली तर पोरीला घेऊन यायचं की नाही ते तू ठरव, मी मागे लागणार नाही. पाणीपुरी घरी करू, जास्मीनला पण बोलावू. मला दम निघत नाही हे तुला ठाऊक आहे, पण हे दोन दिवस मी थांबते. आणि दोनाचे वीस झाले तरी थांबते.

तुझीच,
दाराशी असलेली,
मैना
(प्रांजलची आजी, ती म्हणवून घेऊ देईल तर)